देव्हाऱ्यात ठेवलेला दाखला

ज्यांच्या मणक्याला मार लागला आहे त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंफार आहे, आणि ते पुढे येईलच. पण मी लिहायला बसले ती मुख्यतः त्यांच्या घरच्यांसाठी. दवाखान्यात पडद्यापलीकडे डॉक्टरांशी हळू आवाजात बोलून, पदरानं डोळे पुसून, मग हसऱ्या तोंडानं आत येणाऱ्या माणसांसाठी. तुमची माया मला दिसते. तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हेही आधीच सांगून टाकते.

मी शैला. बेळगावात वडगावला आमचे चार माग आहेत, साड्यांचे. माग नवरा मोहन बघतो आणि मी कांड्या भरते, म्हणजे धोट्यात घालायचं सूत बारक्या नळ्यांवर गुंडाळून देते. मुलगी एक, रेवती, तेव्हा दहावीला होती. सुताची मोठी रिळं, कोन म्हणतात त्यांना, वर माळ्यावर असतात. माळ्याची शिडी हलते हे मीच मोहनला चारदा सांगितलं होतं, आणि त्या दिवशी मीच घाईनं चढले आणि शिडीसकट पाठीवर आले.

चारही माग चालू होते. मी ओरडले, पण त्या खडखडाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. दुखत नव्हतं, त्याचंच नवल वाटलं. पायात चप्पल आहे की निसटली हे कळेना, मान उचलून बघावं लागलं. एक होती, एक नव्हती. दोरा तुटला म्हणून मोहन वळला, तेव्हा त्याला मी दिसले. शेजारचे दोघे धावत आले, एकानं काखेत धरलं, एकानं पायाला, आणि मला चक्क रिक्षात बसवलं. मणका मोडलेल्या माणसाला असं बसवायचं नसतं, फळीवर सरळ आडवं न्यायचं असतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं आणि मी त्यांना कधी बोल लावला नाही. ठाऊक नसणं वेगळं आणि ठाऊक असून लपवणं वेगळं.

सूज

ऑपरेशन झालं, पाठीत पट्ट्या आणि स्क्रू बसले. शुद्धीवर आले तेव्हा उशाशी आक्का होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण कमल, निपाणीला दिलेली. आई लवकर गेली, त्यामुळे माझी वेणी घालण्यापासून माझं लग्न जुळवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आक्का म्हणेल ती माझ्यासाठी पूर्वदिशा.

डॉक्टर आले आणि पडद्यापलीकडे तिच्याशी आणि मोहनशी बोलले. शब्द मला कळले नाहीत. मोहन भिंतीला पाठ घासत खाली बसल्याचा आवाज तेवढा आला. मग आक्का आत आली, पदर नीट केलेला, चेहरा कोरडा.

"मणक्याला सूज हाय म्हणं," ती म्हणाली. "सूज उतरली की पाय येत्यात. सा म्हैनं लागतील, वरीस लागंल, पर येत्यात."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांनाच विचारलं. ते माझ्याकडे न बघता आक्काकडे बघून म्हणाले, बघूया, धीर धरा. बाजारात भाजी घेताना मी चार पेंड्या उलट्यासुलट्या करून बघते. तो 'बघूया' मात्र मी तसाच्या तसा पिशवीत टाकला.

वॉर्डातले दिवस

दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीची नळी, तिची पिशवी, पिशवी भरली की हाक. शौचाला झालेलं आपल्याला कळत नाही, शेजारच्या खाटेवरची बाई नाकाला पदर लावते तेव्हा कळतं. याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. पहिल्यांदा झालं तेव्हा मला मरावंसं वाटलं. दहाव्यांदा झालं तेव्हा मी फक्त मावशींना हाक मारली. माणूस निर्लज्ज होत नाही, सरावतो.

एक नर्स चिकोडीकडची होती, निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी बोलायची. ड्यूटी संपल्यावर ती माझे केस विंचरून जायची, कुणी सांगितलं नसताना. त्या दहा मिनिटांत मी आजारी नसायचे.

आणि एक होती व्यायामाची बाई, फिजिओ. ती सांगायची की हात आणि खांदे घट्ट करायचे, तोल सांभाळून बसायला शिकायचं, मग चाकाच्या खुर्चीत सरकायला शिकायचं, आणि हे लवकर सुरू केलं तर बरं. मी तिला फटकारलं. पाय येणार आहेत, मग खुर्ची कशाला? आक्कानं माझी री ओढली, म्हणाली की खुर्चीत बसलीस तर पायांना आळस लागेल. ती बाई क्षणभर आक्काकडे बघत राहिली आणि वही मिटून पुढच्या खाटेकडे गेली. दोन दिवसांनी परत आली, तेव्हाही मी हाकललं. मला वाटत होतं, मी हिंमत दाखवते आहे.

साखर

घरी आले आणि खाटेवर पडले ती चौदा महिने. आक्का महिन्यातले वीस दिवस आमच्याकडेच असायची. सकाळी पायांना तेल, दुपारी शेक, संध्याकाळी पुन्हा तेल. हातांना कुणी विचारत नव्हतं. हात काय, होतेच की.

तिसऱ्या महिन्यात एकदा तेल लावताना माझा उजवा पाय उडाला. खरोखर उडाला, गुडघ्यातून. मी किंचाळले, मोहन माग सोडून आला, आणि आक्का उठली ती थेट साखरेचा डबा घेऊन गल्लीत वाटायला गेली. शेजारच्या बायका बघायला आल्या. त्यांच्यासमोर पाय पुन्हा उडाला आणि त्यांनी हात जोडले.

तो झटका होता. मेंदूचा निरोप पोचत नाही म्हणून पाय आपलाआपण आखडतात आणि उडतात, ते परत येणं नव्हे. फिजिओबाईनं हे आक्काला वॉर्डातच सांगून ठेवलं होतं, असं होईल, घाबरू नका आणि भुलूही नका म्हणून. हे मला पुष्कळ नंतर कळलं. म्हणजे आक्का साखर वाटत फिरली ती सगळं माहीत असून. या एका गोष्टीवर मी अजून अडकते. गप्प राहणं मी एकवेळ समजू शकते. साखर कशाला वाटायची?

दाखला

पुढे एकदा मला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मोठ्या ऑपरेशनचा नंबर लावायचा आहे, असं आक्कानं सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय हलवून बघितले, कन्नडमध्ये चार प्रश्न विचारले, मी कन्नडमध्ये उत्तरं दिली, दाखवली तिथे सही केली. काही आठवड्यांनी शिक्क्याचा कागद आला. कन्नडमध्ये.

आता इथे आमच्या भागाची एक गोष्ट सांगायला हवी. मी कन्नड फाडफाड बोलते. बाजारात भाव करते, भांडते, कन्नडमध्ये शिव्याही देते. पण वाचता येत नाही. शाळेत कन्नडचा तास होता, तो मी खिडकीबाहेर बघत काढला आणि कसंबसं पास झाले. आमच्या घरात त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही, उलट वडील कौतुकानं सांगायचे की आमच्या पोरींना ती अक्षरं येत नाहीत. मोहनचंही तेच. घरात कन्नड वाचणारी एकटी रेवती. पण नंबर लागल्याचा कागद आहे असं आक्कानं सांगितल्यावर मी तो तिच्याकडून वाचून घेतलाच नाही.

घरात नवा कागद आला की त्याला हळदकुंकू लावायचं, ही आमची रीत. मग तो मागाची पावती असो की लग्नाची पत्रिका. मी त्या दाखल्याला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवायला सांगितलं. दर शुक्रवारी त्याच्यावर फूल वाहायचं, मी खाटेवरून हात जोडायचे आणि फूल रेवती वाहायची. ती फूल ठेवून पटकन वळायची. मला वाटायचं, कॉलेजात जायला लागली, पोरीचं देवावरचं मन उडालं.

वाचून दाखवणारी

चौदाव्या महिन्यात माकडहाडावर जखम झाली. एकाच जागी पडून राहिलं की कातडी आतून कुजते, आणि दुखत नसल्यामुळे वास येईपर्यंत कळत नाही. पुन्हा दवाखाना, पुन्हा तोच वॉर्ड, आता पालथी. जाताना मी दाखला पिशवीत घालून घेतला. मोठ्या डॉक्टरांना दाखवून माझा नंबर कधी आहे ते विचारायचं होतं.

तिथे पद्माक्का भेटली. सदलग्याची, जैन शेतकरी घरातली, घरी कन्नडच बोलणारी. विहिरीत पडून तिचे पाय गेले त्याला अकरा वर्षं झाली होती. तपासणीला आली की वॉर्डातून स्वतःची खुर्ची ढकलत फिरायची, खाटेखाटेशी थांबून चौकशी करायची. माझ्याशी थांबली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तिला दाखला दिला. म्हटलं, तुम्हाला येतं तर वाचून सांगा, ऑपरेशन कुठल्या महिन्यात दिलंय.

तिनं कागदावरचं कुंकू बोटानं झटकलं आणि वाचला. मग परत वाचला.

"शैला, ह्यात आपरेशन न्हाय," ती म्हणाली. "शाश्वत अंगविकलते, असं लिवलंय."

कन्नड असलं तरी हे शब्द मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. कुणी एकदा मोठ्यानं वाचलं असतं तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी तिला म्हणाले, तुम्ही चुकीचं वाचताय. तिनं कागद माझ्यापुढे धरला आणि खाली बोट ठेवलं. सही माझीच होती, मराठीत, ठसठशीत.

"तुला कुणी सांगितलंच न्हाय व्हय?" तिनं विचारलं. पालथ्या माणसाला रडणंही धड जमत नाही, सगळं उशीत जातं. ती तासभर तिथेच बसून राहिली. तिचे ते उपकार आहेत.

आक्का

दुसऱ्या दिवशी आक्का डबा घेऊन आली. मी विचारलं, तुला कधी कळलं.

ती डबा उघडत होती, तो तसाच हातात राहिला. "पैल्याच दिशी."

"मोहनला?"

"त्येलाबी."

"रेवतीला?"

तिनं डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं आणि सांगितलं. कागद आला त्या दिवशी रेवतीनं तो वाचला होता आणि आक्कानं तिला माझ्या गळ्याची आण घातली होती. बोललीस तर तुझ्या आईचं बरंवाईट होईल म्हणून. सोळा वर्षांची पोर त्या आणेखाली दर शुक्रवारी फूल वाहत होती. मला ऐकायला सगळ्यात जड ते गेलं. स्वतःच्या पायांपेक्षाही जड.

"तुला सांगितलं असतं तर तू जेवली असतीस व्हय?" आक्का म्हणाली. "तू मेली असतीस गं."

"नसते जेवले चार दिवस," मी म्हणाले. "पर पाचव्या दिशी उठून बसले असते."

त्यानंतर मी तिला सांगितलं की जोवर मी माझ्या हातांनी खाटेवरून खुर्चीत जात नाही, तोवर तू मला हात लावायचा नाहीस. ती डबा ठेवून गेली. मोहनशी मी आठ दिवस बोलले नाही. रेवतीला जवळ घेतलं आणि म्हटलं, आण सुटली. ती इतकी रडली की नर्स धावत आली.

हात

फिजिओबाई तीच होती. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माफी राहू दे, खांदे दाखवा. खांदे आखडले होते, दंड रेवतीपेक्षा बारीक झाले होते, पावलं खाली वळून ताठ झाली होती. जे पहिल्या काही महिन्यांत सहज झालं असतं ते आता दुप्पट कष्टांनी होणार, आणि काही होणारच नाही, हे तिनं सरळ तोंडावर सांगितलं. चौदा महिन्यांत माझ्याशी खरं बोललेली ती दुसरी बाई.

जखम भरल्यावर सुरुवात झाली. खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचं आणि हात मांडीवर घ्यायचे, एवढंच. पोटात जोर नाही, त्यामुळे मी गाठोड्यासारखी बाजूला कलंडायचे. मोहन उशा लावून उभा असायचा. पहिल्या दिवशी तीन मोजेपर्यंत बसले. पद्माक्काचा संध्याकाळी फोन यायचा, आज किती मोजलंस म्हणून. पंधराव्या दिवशी मी आठ सांगितलं. ती म्हणाली, "वरीसभर पायांची वाट बघितलीस, हातांनी काय घोडं मारलंतं तुझं?" मी फोन आपटला आणि त्या रागात अकरापर्यंत बसले.

वाळू भरलेल्या बाटल्या दोन हातांत. सायकलची ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून ती ओढायची. तळवे टेकवून ढुंगण उचलायचं, निदान अर्ध्या तासानं एकदा, मग पाहुणे असोत की टीव्हीवर काही चालू असो. हा व्यायाम तर आहेच, पण जखम टाळायचा उपायही तोच. रोज हातात आरसा घेऊन पाठ आणि टाचा बघायच्या. पाणी प्यायचं, नळीचा त्रास होतो म्हणून कमी करायचं नाही. पाय हातांनी उचलून ताणायचे, ते चालणार म्हणून नव्हे, ते आपले आहेत म्हणून. तुम्हाला काय झेपेल ते तुमच्या फिजिओला विचारा. माझं बघून उड्या मारू नका.

मोहननं जुन्या मागाची एक फळी रंधून, घासून गुळगुळीत केली. तिचं एक टोक खाटेवर आणि एक खुर्चीवर ठेवायचं, आणि त्यावरून सरकायचं. तो आठ दिवस ती फळी घासत होता, गरज नव्हती तरी. मला कळत होतं तो काय घासतोय. मी त्याच्याशी बोलायला लागले, पण पूर्वीसारखं नाही. तो "काही नाही" म्हणाला की आजही मी त्याच्या तोंडाकडे बघते.

सात महिन्यांनी मी एकटी त्या फळीवरून खुर्चीत गेले. बाजूला कुणी नव्हतं, रेवती कॉलेजात, मोहन मागावर. खुर्चीतून मी कारखान्याच्या दारात गेले, कांड्यांच्या यंत्राला टेकून बसले आणि तास दीड तास कांड्या भरल्या. मोहननं बघितलं आणि मान खाली घालून दोरा जोडत राहिला. आक्काला मी कळवलं नाही. तिला रेवतीनं कळवलं असणार, कारण ती दुसऱ्याच दिवशी आली, आणि दारातच उभी राहिली. मी ये म्हटलं तेव्हा आत आली. मला हात मात्र तिनं लावला नाही.

निपाणी

यंदा आक्काच्या मुलाचा, संतोषचा, फोन आला. आक्काच्या छातीत गाठ निघाली होती, तपासणीचा रिपोर्ट वाईट होता, डॉक्टरांनी उपचार लगेच सुरू करायला सांगितले होते. आईला आम्ही साधी गाठ आहे म्हणून सांगितलंय, तो म्हणाला. "मावशी, तूबी तेवढंच सांग. ती लई भित्री हाय."

मी गाडी बोलावली. फळी टाकून गाडीत सरकले, मोहननं खुर्ची मागे ठेवली, आणि आम्ही निपाणीला गेलो. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होते आणि संकेश्वर येईपर्यंत काहीच ठरलं नाही. खरं सांगायचं तर मनात एक कोपरा होता, तो म्हणत होता, आता तिला कळू दे.

आक्का पलंगावर होती. मोहन बाहेरच थांबला, मी खुर्ची पलंगाला लावली. संतोष दारात उभा राहून मला खुणा करत होता. आक्कानं त्याला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घ्यायला लावलं.

"ही समदी माज्याशी गोड बोलाय लागल्यात," ती म्हणाली. "तू न्हाय बोलणार. काय हाय ते सांग."

मी सांगितलं. गाठ साधी नाही, कॅन्सर आहे, औषधं आहेत, आणि ती लवकर घ्यायची आहेत. तिनं डोळे मिटले. मग डोळे न उघडताच तिनं विचारलं, "सूड घेतलास व्हय गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण त्या खोलीत आता एकही खोटा शब्द नको होता.

"थोडा," मी म्हणाले. "बाकीचं तुला ठरवता यावं म्हणून."

ती भिंतीकडे वळली आणि मला जा म्हणाली. मी गेले नाही. खोलीत मला ढकलून बाहेर न्यायला कुणी नव्हतं, आणि माझी मी जायला तयार नव्हते. अर्ध्या तासानं मी तळवे टेकवून अंग उचललं. आणखी अर्ध्या तासानं पुन्हा उचललं, तेव्हा खुर्ची करकरली.

"किती येळ असं करत्यीस?" तिनं भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

"जल्मभर," मी म्हणाले.

मग तिनं विचारलं, डॉक्टरकडं कवा जायाचं.